द्राक्ष, बेदाणा, हळद : परदेशी खरेदीदार मागतो ते ‘जोखीम विश्लेषण’ नेमकं कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव-कवठेमहांकाळ भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आजवर निर्यातदारामार्फत युरोपला द्राक्षं देत होती. आता बेदाणा आणि हळद स्वतःच्या नावावर पाठवायची आहे. खरेदीदाराने ‘रिस्क अ‍ॅनालिसिस’ मागितलं, सल्लागाराने चाळीस पानांचं बाड करून दिलं आणि खरेदीदाराने ते परत धाडलं. चूक कुठे झाली? आणि इथे बिनबोभाट खपणारा माल तिकडे नापास का होतो?

आधी बाडाबद्दल. अशा बाडात बहुधा तिन्ही मालांना एकच तक्ता असतो. ‘कीटकनाशक अवशेष : गंभीरता ३, शक्यता ४, गुणाकार १२, जोखीम मध्यम.’ हे ३ आणि ४ कुठून आले, एवढंच खरेदीदार विचारतो, आणि तिथेच गाडी अडते. आकड्यामागे तुमच्या प्लॉटचा, तुमच्या शेडचा, तुमच्या प्रयोगशाळा-अहवालाचा आधार नसेल तर ते विश्लेषण नाही, रंगवलेला अंदाज आहे.

दोन शब्द वेगळे ठेवा : धोका आणि जोखीम. कृष्णेला पूर येणं हा धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की तो धोका सगळ्यांना सारखाच असतो. पण हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून ठेवलेल्याची जोखीम वेगळी आणि विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची वेगळी. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, ते सांगलीकरांना सांगायला नको. अन्नाच्या व्यापारातही हेच. शिसं हा धोका. ते तुमच्या हळदीत किती, ती हळद कोण किती खातो, यावरून जोखीम ठरते. सल्लागारांच्या कागदात बहुतेक वेळा फक्त धोक्यांची यादी असते, त्यापुढची पायरीच नसते.

ही पायरी कोणी ठरवली? जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस (अन्न, प्राणी आणि वनस्पती आरोग्याच्या अटींचा) करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. कोणताही देश माणूस, प्राणी किंवा वनस्पती यांच्या आरोग्यासाठी आयातीवर अट घालू शकतो, पण ती अट शास्त्रीय जोखीम-मूल्यमापनावर उभी असली पाहिजे. अन्नासाठी कोडेक्स, प्राण्यांसाठी जागतिक प्राणी आरोग्य संघटना, वनस्पतींसाठी आयपीपीसी (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार), अशा तीन संस्थांची मानकं आधार म्हणून धरली जातात. त्याहून कडक अट घालायची असेल तर कारण दाखवावं लागतं. पुरेसा पुरावा हाती नसेल तर तात्पुरती अट घालता येते, मात्र पुरावा गोळा करत राहून वाजवी मुदतीत तिचा फेरविचार करावा लागतो.

‘युरोप मुद्दाम अडवतो’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने अमेरिकेच्या कोंबडी-अंड्यांवर घातलेली बंदी याच कराराखाली २०१५ मध्ये अपिलातही टिकली नाही. आपल्या बंदीमागे जोखीम-मूल्यमापन नव्हतं. शिवाय रोग एका भागात असताना अख्ख्या देशाचा माल बंद केला होता; रोगमुक्त विभाग वेगळा मानायची तयारी नव्हती. ‘मूल्यमापन दाखवा’ हा प्रश्न सरकारांनाही चुकलेला नाही.

आता द्राक्षं. इथला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे एमआरएल (अवशेषाची कायदेशीर कमाल मर्यादा) ओलांडली की माल विषारी. एमआरएल ही विषाची रेषा नाही. औषध लेबलप्रमाणे, योग्य मात्रेत, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं ठरलेलं अंतर, म्हणजे पीएचआय) पाळून वापरलं तर जास्तीत जास्त किती अवशेष राहील त्याचा तो आकडा आहे. ग्राहकाला त्यापासून अपाय नाही हे तपासून मगच तो कायद्यात जातो. एखादं रसायन युरोपात त्या पिकाला मंजूरच नसेल तर मर्यादा बहुधा मोजता येण्याच्या तळाशी नेऊन ठेवतात : ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे सीसीसी, या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा अवशेष मर्यादेबाहेर निघाल्याने युरोपात अडकलेली आपली द्राक्षं आठवा. तेव्हा युरोपची मर्यादा होती ०.०५. समजा, माल त्याच्या दहापट, म्हणजे ०.५ निघाला. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने या रसायनासाठी धरलेलं रोजचं सुरक्षित सेवन आहे शरीराच्या दर किलोमागे ०.०४ मि.ग्रॅ. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २.४ मि.ग्रॅ. तेवढं पोटात जायला त्याने ती द्राक्षं रोज, आयुष्यभर, ४.८ किलो खायला हवीत. १० किलोच्या मुलाला मात्र हाच हिशेब ८०० ग्रॅमवर येतो, आणि गहू, नाशपाती अशा इतर अन्नातून येणारा वाटा वेगळाच. म्हणून मूल्यमापन करणारे मोठ्या माणसाऐवजी लहान मूल धरून चालतात. तरीही निष्कर्ष हाच, की आरोग्याला फारशी जोखीम नसताना माल कायद्याने नापास होऊ शकतो. खरेदीदाराशी ‘आमची द्राक्षं सुरक्षित आहेत’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. बंदरावरचा अधिकारी सुरक्षितता मोजत नाही, मर्यादा मोजतो.

त्या प्रकरणातला खरा धडा चाचणीचा आहे. सीसीसी नेहमीच्या बहु-अवशेष चाचणीत दिसतच नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. ‘अहवालात काही आढळलं नाही’ याचा अर्थ ‘जे शोधलं त्यातलं काही आढळलं नाही’ एवढाच. इथेफॉन, ग्लायफोसेट, पॅराक्वाट, फॉस्फोनिक आम्ल, मँकोझेबसारखी डायथायोकार्बामेट वर्गातली बुरशीनाशकं (कार्बन डायसल्फाइडच्या रूपात मोजतात ती) या सगळ्यांची चाचणी वेगळी मागावी लागते, पैसेही वेगळे पडतात. तेव्हा प्रयोगशाळेला नमुना देताना फवारणीची वही शेजारी ठेवा आणि वहीतलं प्रत्येक रसायन त्यांच्या यादीत आहे का ते बोट ठेवून बघा. यादीत नसेल तर वेगळी चाचणी मागा.

वहीतही सगळं येत नाही, ही पुढची अडचण. आपल्या भागात तीन चोरवाटा आहेत. पहिली टॉनिकं. ‘सेंद्रिय’, ‘सागरी शेवाळ’ अशा नावाच्या बाटलीत लेबलवर न लिहिलेलं कीटकनाशक किंवा संजीवक निघाल्याची उदाहरणं आहेत. नवीन टॉनिक प्लॉटवर जाण्याआधी त्याच्या बॅचचा एक नमुना तपासायला द्या. एका कंटेनरच्या नुकसानीपुढे तो खर्च किरकोळ आहे. दुसरी वाट शेजारच्या उसाची. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की वाऱ्याने द्राक्षाची पानं पंख्यासारखी आवळतात हे सगळ्यांनी पाहिलंय. पानं आवळली तर अवशेषही आलाच समजा, त्या कडेच्या दोन ओळी वेगळ्या तोडा. तिसरी वाट ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी. तीच टाकी हळदीला, तीच भाजीला. शिवाय खोडावरच्या मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) पूर्वी क्लोरपायरिफॉस सर्रास वापरायचे. युरोपने त्याची मर्यादा २०२० मध्ये ०.०१ वर आणली. जुनी सवय आणि कोपऱ्यात पडलेली अर्धी बाटली, दोन्ही काढून टाका.

सीसीसीबद्दल आणखी एक. ते एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला मारतात, काढणी होते पुढच्या जानेवारी-मार्चमध्ये. काढणीपूर्व कालावधी मोजणाऱ्याला हे अंतर भरपूर वाटतं. पण नाशपातीच्या झाडांत हे रसायन पुढच्या वर्षीच्या फळातही उतरतं, हे युरोपात आधीच दिसलं होतं. मग बहुवर्षीय झाडाच्या बाबतीत ‘पीएचआय पाळला’ हे उत्तर पुरत नाही. मागच्या दोन हंगामांची वही लागते, प्लॉट भाड्याने घेतला असेल तर जुन्या मालकाची सुद्धा.

नमुन्यांची संख्या हा बाडात कधीच नसलेला भाग. दहा प्लॉटचे दहा नमुने स्वच्छ आले म्हणून सगळे प्लॉट स्वच्छ ठरत नाहीत. शून्य दोष आढळलेल्या १० नमुन्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोषी प्लॉट २६ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. ३० नमुन्यांवर हा आकडा १० टक्क्यांवर येतो, ६० वर ५ टक्क्यांवर. मोघम हिशेब : ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागा. ‘शक्यता’च्या रकान्यात हा आकडा लिहा, खरेदीदार लगेच सरळ बसून वाचायला लागेल.

पैसे वाचवायला वीस शेतकऱ्यांचा माल मिसळून एकच नमुना देऊ नका. त्यातल्या एकाचा अवशेष ०.०८ असेल आणि बाकीचे शून्य, तर मिश्रणात येतो ०.००४, आणि ०.०१ पर्यंतच मोजणारी प्रयोगशाळा ‘आढळला नाही’ लिहून मोकळी होते. तिकडे पेटी उघडतात ती मात्र नेमकी त्या एकाचीच. द्राक्षांत ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन माग-प्रणालीमुळे प्लॉटनिहाय नोंदणी आणि नमुना बंधनकारक झाला तो याचसाठी. बेदाणा आणि हळद करताना ती शिस्त तुम्हालाच लावून घ्यावी लागेल.

मोजमापाच्या अनिश्चिततेवरही काही जण भिस्त ठेवतात. युरोपचे सरकारी अधिकारी कारवाईआधी निकालातून ५० टक्के अनिश्चितता वजा करतात, म्हणजे ०.०१ च्या मर्यादेला ०.०२ पर्यंत माल बहुधा सुटतो. पण ती सवलत सरकारी तपासणीची आहे. काही सुपरमार्केटांच्या स्वतःच्या अटी एमआरएलच्या एक-तृतीयांशावर असतात, वर एका नमुन्यात किती रसायनं चालतील याचीही मर्यादा असते. हा कायदा नाही, करार आहे. सही करण्याआधी वाचा.

बेदाण्यात गणितच बदलतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो; जे रसायन उन्हा-वाऱ्यात उडत नाही, धुऊन जात नाही, ते चौपट घट्ट होतं. द्राक्षात ०.००६ म्हणजे अहवालात ‘आढळला नाही’. त्याच्याच बेदाण्यात ०.०२४. युरोपचा कायदा प्रक्रियेमुळे होणारी ही वाढ हिशेबात घेऊ देतो, पण तो घटक कागदावर तुम्ही मांडायचा असतो. म्हणूनच निर्यातीत नापास झालेली किंवा ‘जरा शंका आहे’ अशी द्राक्षं बेदाण्याच्या शेडकडे वळवायची आपल्याकडची पद्धत घातक आहे. द्राक्षात नापास झालेल्या प्लॉटचा आकडा बेदाण्यात आणखी वाढू शकतो. शेडमध्ये प्रत्येक रॅकवर प्लॉट क्रमांक आणि डिपिंगची (सुकवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवल्याची) तारीख लिहिलेला पुठ्ठा लावा. माल झाडून क्रेटमध्ये पडला की तोच पुठ्ठा क्रेटबरोबर गेला पाहिजे. बहुतेक शेडमध्ये नेमका इथेच माग तुटतो.

बेदाण्याचा मुख्य धोका मात्र बुरशीने तयार केलेल्या विषाचा : ऑक्रॅटॉक्सिन-ए. मर्यादा आधी १० मायक्रोग्रॅम प्रति किलो होती, आता युरोपात ८ आहे. काळी बुरशी फुटलेल्या, पक्ष्यांनी टोचलेल्या, भुरी लागलेल्या मण्यांतून आत शिरते आणि विष बरंचसं वेलीवर आणि सुकवण्याच्या पहिल्या काही दिवसांतच तयार होतं. बेदाणा धुऊन, चाळून चकचकीत केला तरी ते जात नाही. म्हणून नियंत्रणाची जागा तीनच : काढणीच्या वेळी फुटके मणी कात्रीने काढणं, डिपिंगचं द्रावण वेळच्या वेळी बदलणं आणि मार्च-एप्रिलच्या अवकाळीत ओली हवा शेडमध्ये कोंडू न देणं. अवकाळीत पडदे घट्ट बांधून ठेवले की आतली आर्द्रता वाढते. पाऊस थांबताच वाऱ्याच्या बाजूचे पडदे उघडायला माणूस नेमलेला हवा. डिपिंगला दर लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल हे प्रचलित प्रमाण. ते कमी पडलं तर सालीवरचा मेणाचा थर नीट मोडत नाही आणि सुकायला लागणारे दिवस वाढतात. ते वाढलेले दिवसच बुरशीच्या कामी येतात. शेवटचा ओलावा मोजायला मीटर ठेवा, हाताच्या मुठीवर विसंबू नका.

ऑक्रॅटॉक्सिनचा नमुना मूठभर घेऊन चालत नाही. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. शंभर स्वच्छ मण्यांत एखादाच मणी भरलेला असतो. युरोपात मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचा मिळून सुमारे १० किलोचा नमुना घेतात. तुम्ही वरच्या दोन बॉक्समधून अर्धा किलो पाठवलात तर तो अहवाल तुमच्या समाधानापुरता. आणि गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या-हिरव्या मालात सल्फर डायऑक्साइड मोजा : तिकडची मर्यादा २००० मि.ग्रॅ. प्रति किलो आहे, आणि १० च्या वर असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख बंधनकारक आहे, कारण काही दमेकऱ्यांना तो बाधतो. लेबल चुकल्यामुळे परत आलेला माल प्रयोगशाळेत अगदी उत्तम असू शकतो.

हळदीत कीटकनाशकापेक्षा तीन गोष्टी वर येतात. पहिली शिसं. युरोपात मुळं आणि कंद प्रकारच्या मसाल्यांना १.५ मि.ग्रॅ. प्रति किलो ही मर्यादा, आपल्याकडे हळदीला १०. इथे पास झालेली हळद तिकडे सहापट जास्त शिसं घेऊन नापास होऊ शकते, तीही इथला एकही नियम न मोडता. पण १० च्या वर आकडे दिसायला लागले की माती सोडा, पॉलिश बघा. हळकुंडाला तकाकी आणि पिवळेपणा यावा म्हणून ड्रममध्ये लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, टाकलं जातं, हा जुना रोग आहे. ओळखायची खूण सोपी : अहवालात शिशासोबत क्रोमियमही मागा. लेड क्रोमेटमध्ये वजनाने शिसं आणि क्रोमियम साधारण ४ ला १ असतं. हेच प्रमाण जुळलं तर ते जमिनीतून आलेलं नाही. हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) यंत्राने ड्रमपाशीच हे तपासता येतं. बांगलादेशात २०१९ नंतर बाजारात ही यंत्रं घेऊन छापे पडले आणि भेसळ झपाट्याने उतरली. पॉलिश बाहेरून करून घेत असाल तर ड्रम आधी तुमच्या मालानेच धुवून काढा, म्हणजे पहिली खेप वेगळी काढून ठेवा.

दुसरी गोष्ट साल्मोनेला, हा अन्नातून आजार पसरवणारा जंतू. शिजवलेली हळद मातीच्या खळ्यावर पसरतात, त्यावर कोंबड्या फिरतात, कुत्री बसतात, गोठा शेजारी. शिजवण्याने मेलेले जंतू सुकवताना परत येतात. ताडपत्री किंवा सिमेंटचं खळं आणि कडेने जाळी, एवढ्याने अर्धं काम होतं. ओलावा १० टक्क्यांखाली आल्याशिवाय पोती भरू नका. उरलेल्यासाठी वाफेचं निर्जंतुकीकरण घ्या.

इथेच तिसरी गोष्ट येते. निर्जंतुकीकरण करणारा ‘गॅस ट्रीटमेंट’ म्हणेल तेव्हा कान टवकारा. तो इथिलीन ऑक्साइड. अमेरिकेत मसाल्यांना हा वायू चालतो, तिथली सहनमर्यादा ७ पीपीएम (म्हणजे मि.ग्रॅ. प्रति किलो) आहे. युरोपात त्याला बंदी आहे आणि मसाल्यांत मर्यादा ०.१, तीही इथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून बनणारं २-क्लोरोइथेनॉल यांची बेरीज करून. २०२० मध्ये भारतीय तिळात तो सापडल्यावर युरोपभर माल परत मागवावा लागला. अमेरिका आणि युरोप, दोघांसमोर धोके तेच : वायूने कर्करोगाची शक्यता, न वापरावा तर साल्मोनेलाचा आजार. एकाने एक जोखीम पत्करली, दुसऱ्याने दुसरी. मूल्यमापन शास्त्राचं काम असलं तरी व्यवस्थापनाचा निर्णय धोरणाचा असतो, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसत नाही. तुमच्यासाठी मतलब एवढाच, की अमेरिकेचा माल ज्या चेंबरमध्ये जातो त्यात युरोपची हळद टाकू नका. वाफ दिलेल्या हळदीचा रंग थोडा मंदावतो, ते करारात आधीच मान्य करून घ्या.

वनस्पतींच्या किडीची बाजू ताज्या द्राक्षांना लागते : १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात अननस, नारळ, ड्युरियन, केळी, खजूर वगळता जवळपास सगळ्या ताज्या फळांना फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं सरकारी) प्रमाणपत्र लागतं. वाळलेल्या, प्रक्रिया केलेल्या मालात शेतातल्या किडीचा प्रश्न बहुतांशी संपतो, साठवणुकीतल्या किडी उरतात. पण लाकडी पॅलेट विसरू नका. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं, असा उष्मोपचार आणि त्याचा शिक्का लागतो. गावातल्या सुताराकडून तुटकी फळी बदलून घेतली की तो शिक्का बाद. हळद निर्दोष, कंटेनर अडकलेला, कारण एक फळी. हे फार वेळा घडतं.

आता खरेदीदाराला काय पाठवायचं? प्रत्येक मालाला वेगळा कागद, चार-पाच पानांचा. धोका कोणता, तो कुठल्या पायरीवर शिरतो, त्या देशाची मर्यादा किती आणि कोणत्या तारखेला तपासली, आपले किती नमुने, किती निघाले, नियंत्रण कोण करतो, किती वेळा, आणि हद्द ओलांडली तर मालाचं काय होतं. तारीख महत्त्वाची, कारण मर्यादा बदलत राहतात. बदलाआधी सदस्य देश सूचना काढतात, हरकतींना साधारण ६० दिवस मिळतात. ई-पिंग या मोफत सेवेवर ‘द्राक्ष’, ‘मसाले’ असे विषय नोंदवले की ती सूचना ईमेलवर येते. आपल्या पिकाला फटका बसणार असेल तर अपेडा (शेतमाल निर्यातीचं केंद्रीय प्राधिकरण) किंवा मसाले मंडळाला त्या मुदतीतच लिहा. मुदत संपल्यावर तक्रार करून फारसं काही हाती लागत नाही.

आणि एखादा नमुना नापास आला तर लगेच दुसऱ्या प्रयोगशाळेत धाडून ‘पास’चा कागद मिळवायच्या मागे लागू नका. विशेषतः ऑक्रॅटॉक्सिनमध्ये एक नापास आणि एक पास याचा अर्थ लॉट संशयित, ‘बरोबरी’ नव्हे. लॉट बाजूला काढा, रॅक-पुठ्ठ्यावरून प्लॉट शोधा, त्याच प्लॉटचे बाकीचे क्रेट थांबवा. कीटकनाशकाचा अवशेष आपल्या देशातल्या मर्यादेत असेल तर तो माल इथे विकायला कायद्याची आडकाठी नाही. लेड क्रोमेट निघालेली हळद मात्र इथेही विकायची नाही आणि दुसऱ्या हळदीत मिसळूनही नाही. तिचा पंचनामा करा आणि पॉलिशवाल्याचं उरलेलं काम त्याच दिवशी थांबवा.